फुगा भरण्याआधी

“सिस्टर, उद्या चार आठवडे पूर्ण होतात. नळी बदलायला येताय ना?”

असा फोन महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. पलीकडे बहुतेक वेळा घरातली सून किंवा मुलगी असते. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला पेनाने गोल केलेला असतो. मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, लघवी नीट उतरतेय का? नळीच्या बाजूने गळतंय का? ताप, थंडी? पिशवीत वाळूसारखं काही दिसतं का? आणि सगळ्यात शेवटी विचारते की ही नळी मुळात कशासाठी घातली होती?

या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा पलीकडे शांतता पसरते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींच्या घरी असंच झालं. ऑपरेशनच्या दिवशी घातलेली नळी तीन महिने तशीच होती. मध्ये दोनदा बदललीही गेली होती. आजी तोवर वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या होत्या, पण दुसऱ्या हातात लघवीची पिशवी. नळी काढायला कुणी सांगितलं नाही म्हणून ती राहिली, एवढंच कारण. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काढायला सांगितलं, आणि त्याच दिवशी दुपारी आजींनी आपली आपण लघवी केली. तेव्हा त्या रडल्या. कॅथेटर बदलण्याची सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे गरज नसेल तर तो पुन्हा न घालणं, हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

गरज असते तेव्हा मात्र ती खरीच असते. प्रोस्टेट वाढून वाट बंद झालेली असते आणि हृदयाला ऑपरेशन झेपणारं नसतं. मणक्याला मार लागून मूत्राशयाचा ताबा गेलेला असतो. माकडहाडाच्या जखमेवर लघवी पडून ती चिघळत असते. अखेरच्या दिवसांत माणसाला कूस बदलणंही सोसत नाही. यातल्या काहींसाठी कायमच्या नळीपेक्षा दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लघवी काढून टाकणं चांगलं. मिशिगनच्या जॅक लॅपिडीझ या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिलं की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही, साबणाने धुतलेले स्वच्छ हात पुरतात, आणि रुग्ण ते स्वतः शिकू शकतो. आपल्याकडे हा पर्याय फारसा सांगितला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तारखेबद्दल. पिवळसर तपकिरी लॅटेक्सची नळी साधारण ४ आठवडे आणि पारदर्शक किंवा पांढरी सिलिकॉनची नळी १२ आठवड्यांपर्यंत, असं कंपन्या सांगतात. ही कमाल मर्यादा आहे. औषधाच्या बाटलीवर ‘या तारखेनंतर वापरू नये’ लिहिलेलं असतं म्हणून कुणी बाटली त्या दिवसापर्यंत पुरवून पुरवून पीत नाही, तसंच हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक दिवसांनी सरसकट नळी बदलू नये असं म्हटलं आहे. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, नळी तुंबली किंवा नळी-पिशवीचा बंद जोड उघडा पडला, की बदलावी. म्हणजे कालनिर्णयावरच्या गोलापेक्षा रुग्णाचं शरीर काय सांगतं ते महत्त्वाचं. एकाची नळी दहा आठवडे स्वच्छ वाहते, दुसऱ्याची अठराव्या दिवशी तुंबते.

असं का, हे नळीच्या आत डोकावल्यावर कळतं. माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला बुळबुळीत लागतो. नळीच्या आतही जंतूंचा तसाच चिकट थर बसतो. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दररोज ३ ते ७ टक्के धरतात. महिना उलटला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतातच. म्हणून ताप नाही, पोटात दुखत नाही, माणूस नेहमीसारखा बोलतोय, आणि केवळ रिपोर्टमध्ये जंतू आले, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करणं चूक आहे. जंतू जात नाहीत, औषधाला सरावतात मात्र.

या जंतूंमध्ये प्रोटियस नावाचा एक आहे. तो लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतो, लघवी अल्कधर्मी होते, आणि तिच्यात विरघळलेलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं फॉस्फेट बाहेर पडून नळीच्या भिंतीला चिकटतं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात, हुबेहूब तसं. काढलेली नळी मी फेकण्याआधी टोकाशी दोन बोटांत चोळून बघते. कणी लागली, की या माणसाची पुढची नळी लवकर तुंबणार.

म्हणूनच मी प्रत्येक घरात एक साधी वही ठेवायला लावते. नळी कधी बदलली, माप किती, कशाची बनलेली, फुग्यात किती पाणी भरलं, जुनी का काढावी लागली, टोकाशी कणी होती का. तीन नळ्यांच्या नोंदी झाल्या की माणसाची चाल दिसू लागते. पाचव्या आठवड्याला तुंबण्याची सवय असेल, तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी बदलायची. रात्री दोन वाजता पोट तट्ट फुगून दवाखान्यात धावायची वेळ येत नाही. ही तारीखच आहे, पण त्याच माणसाच्या अंगावरून काढलेली.

ताप आलाय, नळी दोन आठवड्यांहून जुनी आहे आणि डॉक्टरांनी लघवीचं कल्चर सांगितलंय, अशा वेळी आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. जुन्या नळीतून घेतला तर मूत्राशयाऐवजी नळीच्या थराचा रिपोर्ट येतो. पिशवीच्या तोटीतून तर कधीच घेऊ नये.

या नळीला दवाखान्यात सगळे ‘फॉलीज’ म्हणतात. फ्रेडरिक फॉली हे अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातले मूत्रविकारतज्ज्ञ. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाजवळ रबराचा फुगा आणि तो भरायला भिंतीतच दुसरी बारीक वाट, ही रचना त्यांनी १९३० च्या दशकात पुढे आणली. त्याआधी नळ्या चिकटपट्टीने किंवा टाक्यांनी अडकवाव्या लागत. पेटंट मात्र एका रबर कंपनीतल्या माणसाच्या अर्जाला मिळालं, फॉलींचं फक्त नाव राहिलं. मापाचं एकक त्याहून जुनं, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या शारियेरचं. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. १६ नंबरची नळी म्हणजे जाडीला सव्वापाच मिलिमीटरच्या जरा वर. मागच्या टोकाचा रंग मापावरून ठरतो: १२ पांढरा, १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल. बाईमाणसाला १२ किंवा १४, पुरुषाला १४ किंवा १६ बहुधा पुरते. गळतंय म्हणून जाड नळी घालण्याची खोड वाईट. गळतं ते बहुतेक वेळा मूत्राशय आवळल्यामुळे, नळीला मोड पडल्यामुळे किंवा रुग्णाला चार दिवस शौचाला झालेलं नसल्यामुळे. आतडं भरलेलं असेल तर ते शेजारून नळी दाबतं. किती घरांत मी नळीला हात न लावता फक्त पोट साफ करण्याचं बघायला सांगितलं आणि गळणं थांबलं, त्याची गणती नाही.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे येते. हे वाचून कुणी घरच्या घरी करायला जाऊ नये. ते हाताखाली शिकायचं काम आहे. पण घरच्यांना काय बघायचं ते माहीत असावं, आणि नव्या सिस्टर-ब्रदर्सना कुठे थांबायचं ते.

एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, प्रोस्टेटमुळे दोन वर्षं नळीवर. त्यांच्या खोलीत गेल्यावर मी आधी पंखा बंद करते, कारण वरून धूळ पडते. नातवंडांना बाहेर काढते, दार लोटते, पायांवर चादर घालते. सून रोज सासऱ्यांची पिशवी रिकामी करते, पण नळी बदलताना ती खोलीत असलेली आजोबांना सोसत नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त डोळे मिटून घेतले होते. आता मी मुलाला बोलावते. माणूस लाजेने अंग आवळून पडला तर आतला स्नायूही आवळतो आणि नळी अडते. अब्रू सांभाळणं हा त्या कामाचाच भाग आहे.

ट्रेमध्ये नळ्या दोन, एक नेहमीची आणि एक एका मापाने बारीक. निर्जंतुक हातमोज्यांच्या दोन जोड्या, जेली, सलाइन, कापसाचे बोळे, १० मिलीच्या दोन सिरिंज, निर्जंतुक पाणी, नवी पिशवी, चिकटपट्टी. नवी सगळी तयारी झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही.

जुनी काढताना फुग्याच्या तोटीला सिरिंज लावायची आणि दट्ट्या न ओढता वाट बघायची. पाणी आपल्या आपण सिरिंजमध्ये येतं. जोराने खेचलं तर फुग्याचं रबर आत दुमडतं, त्याची कड तयार होते आणि ती येताना मूत्रमार्ग खरवडते. किती आलं ते वहीतल्या आकड्याशी ताडायचं. सिलिकॉनच्या फुग्यातून काही आठवड्यांत थोडं पाणी झिरपून जातं, त्यामुळे दहा भरलेले सात-आठ येऊ शकतात. काहीच आलं नाही तर नळीला मोड आहे का बघायचं, रुग्णाला कूस बदलायला लावायची, सिरिंज बदलून पुन्हा थांबायचं. एवढ्यावरही फुगा रिकामा झाला नाही तर डॉक्टर. कात्रीने नळी कापणारे लोक मी पाहिले आहेत. कापल्यावर पाणी आपोआप निघेल असं त्यांना वाटतं. फुगा भरलेलाच राहिला आणि उरलेला तुकडा आत सरकला, तर साध्या कामाचं ऑपरेशन होतं.

मग हात स्वच्छ, मोजे नवे, सलाइनने नीट पुसणं. पुरुषाच्या मूत्रमार्गात जेली हलकेच भरायची आणि ३ ते ५ मिनिटं थांबायचं. या मिनिटांची सगळ्यांनाच घाई असते. वॉर्डात तर कुणीही ती देत नाही. पण जेलीतलं सुन्न करणारं औषध त्या वेळेतच काम करतं, आणि जेली मूत्रमार्ग उघडून धरते. मी त्या वेळात आजोबांना त्यांच्या घाटातल्या गाड्यांबद्दल विचारते. ते खंबाटकीचं वळण सांगू लागले की खांदे सैल पडतात.

शिश्न सरळ वर धरायचं म्हणजे वाटेतला पहिला बाक उलगडतो. पुरुषाचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटिमीटर लांब. नळी आत जाताना स्नायूपाशी अडते. तिथे ढकलायचं नाही. हलका दाब ठेवायचा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला किंवा लघवीला जोर केल्यासारखं करायला सांगायचं. स्नायू सैल झाला की नळी आपण होऊन पुढे जाते, हाताला ते कळतं. प्रोस्टेट मोठी असेल तर टोकाशी वर वाकलेली नळी लागते, आणि ती शिकलेल्या हातानेच घालावी. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही, की मी थांबते. तिसऱ्या प्रयत्नात खोटी वाट पडू शकते.

आणि आता फुगा. मी तेवीस वर्षांची होते, नाइट ड्यूटी, एका मोठ्या दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड. नळी निम्म्याहून बरीच जास्त आत गेली होती. मला वाटलं, झालं. मी पाण्याची सिरिंज लावली. इन्चार्ज सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

“लघवी दिसली का?”

“नाही, पण गेलीये आत.”

“कुठे आत?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी नळी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर आणखी सरकवली, अगदी दोन तोट्या फुटतात त्या वायपर्यंत, आणि थांबल्या. काहीच येईना. नळीच्या डोळ्यात जेली अडकली की तसं होतं. त्यांनी ओटीपोटावर तळहात ठेवून हलकेच दाबलं. मग एक थेंब, मग धार, किडनी ट्रेच्या पत्र्यावर आवाज करत. तेव्हा त्यांनी सिरिंज माझ्या हातात परत दिली. मी आधीच दाबली असती तर दहा मिली पाण्याचा फुगा त्या माणसाच्या मूत्रमार्गात फुगला असता. वाट फाटते, रक्त येतं, पुढे तिथे व्रणाने अरुंदपणा येतो आणि माणूस जन्मभर दवाखान्याच्या चकरा मारत राहतो. आजही सिरिंज लावली की मनगटावरचा तो हात मला जाणवतो.

पुरुषाला वायपर्यंत नळी आत, लघवी डोळ्यांनी दिसलेली, मगच फुगा. भरताना रुग्णाच्या तोंडाकडे बघायचं. कपाळ आकसलं, हात आपल्या हाताकडे आला, तर लगेच थांबून पाणी परत काढायचं. जागेवर असलेला फुगा भरताना दुखत नाही. तोटीवर जेवढं लिहिलंय तेवढंच पाणी, आणि निर्जंतुक पाणीच. सलाइनचे क्षार त्या बारीक वाटेत जमले तर पुढच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. भरून झाल्यावर नळी हलकेच मागे घ्यायची, अडली की सोडायची. पुढची कातडी मागे सारली असेल तर ती आठवणीने पुढे आणायची. ती विसरली गेली तर काही तासांत तिथे सूज येऊन ती पुन्हा पुढे येत नाही.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे लोकांना ते सोपं वाटतं. वय झालेल्या बायकांत तोंड आत सरकलेलं असतं, दिसत नाही. नळी योनीत गेली तर ती तिथेच राहू द्यायची. ती खुणेला उपयोगी पडते. दुसरी नवी नळी तिच्या वरच्या छिद्रात घालायची. पुसणं नेहमी पुढून मागे. लघवी दिसल्यावर आणखी पाच सेंटिमीटर पुढे, मग फुगा.

काही घरांतून मी नळी न बदलताच परत येते. प्रोस्टेटचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि नळी ओढली गेलीये, तर अंदाजाने दुसरी घालायची नसते, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जायचं. नळीच्या तोंडाशी ताजं रक्त, गाठी, मूत्रमार्ग अरुंद असल्याचा इतिहास, आधीच्या वेळी झालेली इजा, या सगळ्यांनाही तेच. पोटावरून घातलेली नळी असेल तर ती निघाल्यावर तिची वाट फार लवकर बुजते, आणि पहिली बदली डॉक्टरांनीच करायची. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर मार लागलेल्या रुग्णाची नळी तुंबली आणि अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, चेहरा लाल, घाम, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीला चढतोय असं समजायचं. त्याला बसतं करून नळीचा मोड तत्काळ मोकळा करायचा, आणि दवाखाना.

जागेवर बसलेली नळी मांडीला पट्टीने अडकवायची, थोडी सैल, म्हणजे पाय हलला तरी आत ओढ बसत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी. जोड उघडायचा नाही. नळीतून थेट उघड्या बाटलीत लघवी सोडण्याऐवजी बंद पिशवी वापरली तर संसर्ग किती कमी होतो, हे कॅल्व्हिन क्युनिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ साली दाखवलं. तरी अजून आंघोळीच्या वेळी पिशवी काढून नळीला गाठ मारणारी घरं मला भेटतात. दोन-तीनदा रात्री घाबरलेला फोन आलाय की पिशवी जांभळी झाली. रंग खरोखर वांग्यासारखा असतो. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून जंतू निळा आणि लाल रंग बनवतात आणि ते प्लास्टिकवर चढतात. असे रुग्ण बहुधा बद्धकोष्ठाचे असतात. रंगाने इजा होत नाही. ताप किंवा ग्लानी नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून पोट साफ ठेवायचं, आणि बदलायची वेळ आलीच असेल तर नळी-पिशवी बदलायची.

आजोबांची नळी बदलून मी वहीत तारीख, १६ नंबर, सिलिकॉन, १० मिली, टोकाशी थोडी कणी, एवढं लिहिते. पिशवीचा आकडा किती यावा तेही सुनेला सांगते आणि निघते. तीन-चार तासांनी मी स्वतः फोन करते.

“ताई, पिशवीत किती?”

ती आत जाऊन बघून येते. “साडेतीनशे. पिवळी, स्वच्छ.”

“बाबा काय करतायत?”

“झोपलेत.”

मग मी माझ्या वहीतही ते लिहून ठेवते.